चोर वेणो?

एका शब्दापायी मी दोन माणसांची तोंडं फोडली आहेत. एक केनवडच्या बाजारात, दुसरं कोचीनला. शब्द दोन्हीकडे एकच होता, ‘चोर’. हात माझा होता आणि अब्रू माझ्या बाबांची होती, निदान माझी तशी समजूत होती.

बाबा खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक. भूगोल त्यांचा आवडता आणि मारणं त्याहून आवडतं. मी त्यांच्याच वर्गात होतो, म्हणजे शाळेतही सुटका नव्हती आणि घरीही. ते पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं वरून खाली म्हणायला लावायचे. कांडला, मुंबई, मार्मागोवा, मंगळूर, आणि इथं माझी गाडी अडायची. मग हातातली तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, माझ्या पोटरीवर बसायची. ‘‘कोचीन!’’ बाबा ओरडायचे. तुराटी मोडली की दुसरी घ्यायचे, आमच्याकडे तुरीला तोटा नव्हता. ज्या माणसानं एकबुर्जीच्या धरणापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या हातचे मी कोचीनसाठी किती वळ खाल्ले असतील ते सांगता येत नाही. पण ते गाव आजही माझ्या डोक्यात नाही, पोटरीत आहे.

बाबांची नोकरी संपायला चार-पाच वर्षं उरली असताना शाळेतल्या खिचडीच्या तांदळाचे काही कट्टे, म्हणजे पोती, गायब झाले. मुख्याध्यापक म्हणून जबाबदारी बाबांची. अर्ज झाला, चौकशी बसली. ज्या माणसानं शाळेचा खडू कधी घरी आणला नाही त्याच्याकडे बघून लोक बोलायचे थांबू लागले. घरात ‘चोर’ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. पोरं चोर-पोलीस खेळायला लागली तर आई त्यांना अंगणातून हाकलायची.

त्याच दिवसांत केनवडच्या बाजारात मी एका टपरीवर चहा पीत उभा होतो. मागे धान्याच्या दुकानातला एक हमाल कुणाला तरी सांगत होता. मला दोनच शब्द ऐकू आले. ‘‘मास्तर...’’ आणि ‘‘चोर...’’ मी वळलो तो ग्लाससकटच. काच त्याच्या ओठावर फुटली. तो खाली बसला तरी मी थांबलो नाही, गुडघा घातला. त्याचे समोरचे दोन दात त्याच्याच हातात पडले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. पोलीस आले, दोन्हीकडची माणसं बसली, तडजोड झाली. गावात परत आलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती. बापासाठी मारलं, असं मी ज्याला त्याला सांगत होतो. बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, मनातून खूश असतील.

चौकशीचा कागद उशिरा आला. ‘पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्यात येत आहे.’ बाबांनी तो दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. ‘‘निर्दोष असा शब्द कुठीच नाही याच्यात,’’ ते म्हणाले. त्या एका शब्दाविना ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हारही घालू दिला नाही त्यांनी.

मग साखरेनं त्यांना धरलं. आधी डोळे, मग पाय. तळव्यांना काही कळेनासं झालं. एकदा तव्यासारख्या तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभे राहिले आणि फोड आल्यावर कळलं. ती जखम भरायला चार महिने लागले. वाशिमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘पुन्हा एखादी जखम झाली आणि ती वेळेवर दिसली नाही, तर पाय काढावा लागेल. त्यांना दुखणार नाही. तुम्हाला दिसलं पाहिजे.’’ तेव्हापासून रोज संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च लावून मी बाबांचे तळवे बघतो. ज्या माणसाची तुराटी माझ्या पोटऱ्यांवर मोडली त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायचं, हेही नशिबात होतं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, पाय माझ्या मांडीवर असताना, ते म्हणाले, ‘‘डोये हायत अन् पाय हायत तोवर एक बंदर तरी पाहून येऊ.’’

‘‘कोनतं?’’

‘‘तू जे विसरत होता ते.’’

वाशिमहून निघालो ते दोन ठिकाणी गाड्या बदलत स्लीपरच्या डब्यात. बाबांच्या प्रवासाची तत्त्वं ठरलेली. पाणी घरचं, भाकरी घरची, चटणी घरची, आणि रिक्षा म्हणजे पाय नसलेल्या माणसाची सोय. दुसऱ्या दिवशी एका दांडग्यानं आमच्या बर्थवर बूड टेकलं आणि उठेना, तर मी त्याची कॉलर धरून त्याला खिडकीच्या गजांवर आदळलं. बाबा वरच्या बर्थवरून खाली वाकून बघत होते. ‘‘पुरे,’’ म्हणाले, पण जरा उशिरानं म्हणाले.

कोचीनची हवा अंगावर बसते, उठत नाही. आमच्याकडे बेचाळीस डिग्रीत माणूस भाजतो, तिथं उकडतो. लॉज स्वस्तातलं शोधलं होतं. भिंतीला हात लावला की हात ओला, चादर दुसऱ्याच्या घामानं ओली असल्यासारखी, पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलणारा. खिडकीखाली गटार होतं आणि त्याच्या काठावर कावळे माशांच्या डोक्यांवरून एकमेकांना फाडत होते. मी पहिल्या तासातच मॅनेजरशी भांडलो. बाबा मात्र शर्ट काढून बनियनवर बसले होते आणि दूरच्या जहाजाचा भोंगा ऐकत होते. त्यांचा चेहरा निकाल लागलेल्या पोरासारखा झाला होता.

दुपारी एका खानावळीत गेलो. केळीची पानं मांडलेली. वाढपी हातात बादली घेऊन आला, बाबांच्या पुढ्यात वाकला आणि विचारलं, ‘‘चोर वेणो?’’

बाबांचा हात पानावरच थांबला. माझी खुर्ची मागे सरकली होती, मूठ वळलीच होती. शेजारी बसलेला एक जण हिंदीत घाईघाईनं म्हणाला, ‘‘भाईसाब, चावल पूछ रहा है. हमारे यहाँ चावल को चोर बोलते हैं.’’ चोर म्हणजे भात. ‘भात पाहिजे का’ एवढंच तो बिचारा विचारत होता. बादलीत खरंच भातच होता. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. डोळे पुसत म्हणाले, ‘‘पाय लेका, इथी तांदूयच चोर हाय. आपल्या चौकशीवाल्यायले इथी धाडाले पायजे होतं.’’ चौकशीनंतर हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. वाढपी चार वेळा आला आणि चारही वेळा बाबांनी ‘‘चोर वेणो, वेणो’’ म्हणून भात वाढून घेतला. साखरेच्या माणसानं एवढा भात खाऊ नये, पण मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मासे उतरवतात त्या धक्क्यावर गेलो. बाबांना जहाजं बघायची होती, मला काहीच बघायचं नव्हतं. तिथं माणसं बर्फाच्या लाद्या घणानं फोडत होती. बायका विळ्यांवर डोकी उडवत होत्या, एका घावात एक. हातभर लांबीचा एक मासा अजून जिवंत होता, त्याला एकानं कल्ल्याशी धरून फरशीवर दोनदा आपटलं आणि टोपलीत टाकलं. पायाखाली सगळं लाल पाणी. फुटक्या खोक्यांच्या फळ्या सगळीकडे विखुरलेल्या, त्यांच्यावरून चालल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं. बाबा त्या फळ्यांवरून जहाजांकडे बोट दाखवत चालले होते. ही मासेमारीची, तो टँकर, ती बघ क्रेन. डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ तळाच्या चपला पायात होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो.

तिथून जुन्या गोदामांचा भाग तीनेक किलोमीटर. रिक्षा अर्थात नाही. ऊन नव्हतं, नुसती वाफ होती. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोकं ठणकत होतं. वाटेत दोन रिक्षावाले मागे लागले, एकाला मी मराठीत शिवी दिली. मिऱ्याचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास गल्लीत कोंडला होता. एका गोदामाच्या स्वच्छ सिमेंटच्या ओट्यावरून आम्ही चाललो होतो. ओट्याच्या टोकाला निळ्या शर्टातला एक म्हातारा हमाल बसला होता, डोक्याला पंचा गुंडाळलेला. तो आमच्याकडे बघत उठला, बाबांच्या मागे आला आणि एकदम ओरडला.

‘‘चोरा! चोरा!’’

त्यानं बाबांचं कोपर घट्ट धरलं होतं. दुसऱ्या हातानं बाबांकडे बोट दाखवत, गल्लीकडे तोंड करून तो सगळ्यांना सांगत होता, ‘‘चोरा! चोरा!’’

मला भात आठवला, हे मी कबूल करतो. पण इथं ना बादली होती, ना पान. भात नाही म्हणजे मग चोरच. एवढा हिशोब डोक्यात होईपर्यंत माझी मूठ त्याच्या तोंडावर बसलीसुद्धा होती.

तो पोत्यांवर कोसळला. मी त्याचा शर्ट धरून उठवला आणि दुसरी ठेवून दिली. ‘‘कोनाले चोर म्हनतं बे?’’ मी ओरडत होतो. त्याचा ओठ फाटला होता, पांढऱ्या मिशीतून रक्त गळत होतं, तरी तो हात वर करून तेच म्हणत होता. ‘‘चोरा... चोरा...’’ म्हणून मी तिसरी मारली.

मग गोदामातून निळे शर्ट बाहेर आले. किती होते माहीत नाही. पाठीत काहीतरी बसलं, मग बरगडीत. पाय उडाले आणि मी ओट्यावर तोंडघशी पडलो. कुणाचा तरी गुडघा माझ्या मानेवर आला. बाबा वर्गातल्या आवाजात ‘‘छोडो उसको! छोडो!’’ म्हणून ओरडत होते.

गाल सिमेंटला दाबलेला होता, म्हणून मला ते दिसलं. ओट्यावर ठसे होते. चपलेचे, लाल, ओले, एकाआड एक, फक्त उजव्या पायाचे. गल्लीतून वर आलेले आणि बाबांपाशी येऊन थांबलेले. तिथं एक छोटं थारोळं होतं आणि बाबा त्यातच पाय रोवून उभे होते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

‘‘पट्टी!’’ मी ओरडलो. ‘‘पट्टी! पट्टी आना कोनी! बाबाले पट्टी!’’

माझ्या तोंडावर लाथ बसली. मी पुन्हा ‘‘पट्टी’’ म्हणालो, पुन्हा बसली. जितक्यांदा पट्टी मागितली तितक्यांदा त्यांनी मारलं. मला कळेना ही कसली माणसं, जखमेला चिंधी मागितली तर मारतात. मी रडायला लागलो. मारानं नाही, तो पाय गेला म्हणून.

थांबवलं त्या म्हाताऱ्यानंच. तो पोत्यांचा आधार घेत आला, बाबांपुढे बसला आणि त्यांचा पाय उचलून त्यानं सगळ्यांना तळवा दाखवला. गुडघा माझ्या मानेवरून हटला. म्हाताऱ्यानं चप्पल काढायला हात घातला तर ती निघेना. खोक्याच्या फळीचा खिळा तळातून आरपार पायात गेला होता आणि चप्पल पायाला ठोकून बसली होती. तशा पायानं बाबा तीन किलोमीटर चालले होते, वाटेत मला मिऱ्याच्या व्यापाराचा इतिहास सांगत. म्हाताऱ्यानं डोक्याचा पंचा सोडला आणि चपलेसकट पाय आवळून बांधला. त्याच्या ओठाचं रक्त त्या पंच्यावर पडत होतं.

रिक्षातून आम्हाला दवाखान्यात नेलं. पुढे ज्याची लाथ मी खाल्ली होती तो, मागे बाबा, मी आणि तो म्हातारा. बाबांचा पाय त्याच्या मांडीवर होता. माझी जागा होती ती.

बाबांना आत घेतलं. बऱ्याच वेळानं नर्स स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘‘आणि.’’

मी वाट बघत राहिलो. ती पुढं काही बोलेना.

‘‘आणि काय?’’ मी विचारलं.

तिनं ट्रे माझ्या नाकाखाली धरला. ‘‘आणि,’’ पुन्हा म्हणाली. ट्रेमध्ये गंजका खिळा होता.

डॉक्टरला हिंदी येत होतं. बाबांच्या खाटेशी उभं राहून त्यानं एकेक शब्द सोडवून दिला. त्यांच्या मल्याळममध्ये ‘आणि’ म्हणजे खिळा. भात तो ‘चोर’, आणि ‘चोरा’ म्हणजे रक्त. म्हातारा रक्त, रक्त म्हणून ओरडत होता. आणि मी त्यांच्या माणसाचं तोंड फोडून वर ‘पट्टी, पट्टी’ म्हणत होतो. पट्टी म्हणजे कुत्रा.

‘‘ते बराबर हाय,’’ बाबा म्हणाले. मला वाटलं त्यांना हसू येईल. आलं नाही. पलीकडच्या स्टुलावर म्हाताऱ्याच्या ओठाला टाके पडत होते. मी उठून त्याच्या पायाशी गेलो. त्यानं पाय मागे घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

परत येऊन बसलो तर बाबा छताकडे बघत म्हणाले, ‘‘तुह्या कानाले चोर ऐकू आलं का त्याच्यापुढचं ऐकूच येत नाही. केनवडलेही तेच केलं तू.’’

‘‘तिथी तर त्यानं चोरच म्हनलं होतं, बाबा.’’

‘‘म्हनलं होतं. ‘मास्तर कायचा चोर? चोर कोन हाय ते मले ठावं हाय’, असं म्हनलं होतं, टपरीवाल्यानं सांगतलं मले. आदल्या दिवशी तो आपल्या घरी आल्ता. तू नव्हता. ते कट्टे त्यानं सोता टेम्पोतून उतरवले होते, अन् टेम्पो कोनाचा होता ते चौकशीत सांगाले तयार झाल्ता. दुसऱ्या दिवशी तू त्याचे दात पाडले. त्याच्यावर मंग तो म्हने, मले काई ठावं नाई.’’

मला श्वास घेता येईना. बरगडी मोडली असावी, असं मी स्वतःला सांगून बघितलं.

‘‘मले काहून नाही सांगतलं?’’

‘‘काय सांगू? बापासाठी मारलं म्हून तू गावभर सांगून राह्यला होता.’’ त्यांनी बांधलेला पाय उशीवर सरकवला. ‘‘अन् मारनं तुले शिकवलं कोनं? मीच ना. कोचीन, कोचीन करून.’’

ज्या कागदात ‘निर्दोष’ हा शब्द नव्हता, तो शब्द मीच खाल्ला होता. आणि एवढी वर्षं हा माणूस माझ्या मांडीवर पाय ठेवून बसत होता आणि बोलला नाही. त्याक्षणी त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी गाल पुढेही केला होता. ते म्हणाले, ‘‘म्हाताऱ्याले च्या आनून दे. निववून दे, नाई तं त्याचा ओठ चुरचुरन.’’

घरी परतल्यावर अकोल्याला त्यांच्या पायाची दोन बोटं काढली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, लगेच दिसलं म्हणून राहिला. म्हाताऱ्यानं आरडाओरडा केला नसता तर मी संध्याकाळी लॉजवर टॉर्च लावेपर्यंत ते तसेच चालत राहिले असते. पंचा मी धुऊन ठेवला आहे. डाग गेले नाहीत, त्याचे कोणते आणि बाबांचे कोणते ते आता ओळखू येत नाही.

बोटांची जखम भरली त्या आठवड्यात मी केनवडला गेलो. दुकान तेच होतं. तो हमाल ट्रकमधून पाठीवर कट्टा घेऊन उतरत होता, केस पांढरे झालेले. मला काय म्हणायचं ते मी बसमध्ये घोकून ठेवलं होतं, लहानपणी बंदरं घोकायचो तसं. तुमचं त्या दिवशीचं बोलणं अर्धं राहिलं होतं, ते पुरं करा, मी ऐकायला आलो आहे. एवढंच.

त्यानं वर बघितलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. त्यानं पाठीवरचा कट्टा तसाच सोडून दिला आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं.